मानेची झीज: रिपोर्टपेक्षा हातापायांकडे पाहा

वयोमानाने मानेच्या मणक्यांत होणाऱ्या झिजेविषयी, म्हणजेच सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिसविषयी, वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही या वेळी घेतले आहेत. पत्रावरून रुग्ण तपासता येत नाही. त्यामुळे उत्तरे दिशा दाखवण्यापुरती आहेत आणि ती तुमच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावीत एवढीच अपेक्षा आहे.

प्रश्न: मी ५८ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. सकाळी उठल्यावर मान आखडलेली असते आणि वळवताना कटकट आवाज येतो. तासाभराच्या फिरण्यानंतर बरे वाटते. एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये पाचव्या व सहाव्या मणक्यांमधील अंतर कमी झाले आहे, कडांना हाडांची वाढ आहे आणि मानेचा नैसर्गिक बाक नाहीसा झाला आहे असे लिहिले आहे. ओळखीचे लोक सांगतात की मणक्यात गॅप पडला आहे, आता आयुष्यभर पट्टा लावावा लागेल. पुढे अपंगत्व येईल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: रिपोर्टमधील तिन्ही नोंदी खऱ्या असतील, परंतु त्यांवरून तुमच्या पुढच्या आयुष्याविषयी फारच थोडे कळते. मानेत सात मणके असतात. त्यांपैकी सर्वांत वरच्या दोहोंमध्ये गादी नसते आणि डोके डावीउजवीकडे वळवण्याचे जवळजवळ निम्मे काम तिथेच होते. त्याखालच्या प्रत्येक दोन मणक्यांमध्ये मात्र एक लवचीक गादी असते, जिचा मोठा भाग पाण्याचा असतो. वयानुसार हे पाणी कमी होते, गादीची उंची घटते, मणके एकमेकांजवळ येतात, त्यामुळे मागच्या बाजूच्या छोट्या सांध्यांवर जास्त भार येतो आणि त्या वाढलेल्या भाराला तोंड देण्यासाठी शरीर मणक्यांच्या कडांना नवे हाड घालते. लोक ज्याला गॅप म्हणतात तिथे प्रत्यक्षात अंतर वाढलेले नसून कमी झालेले असते. पाचवा-सहावा आणि सहावा-सातवा या जोड्यांवर मान वाकवण्याचा ताण सर्वाधिक पडत असल्यामुळे झीजही बहुधा तिथेच आढळते. म्हणून दहा अनोळखी माणसांचे रिपोर्ट शेजारी ठेवले तरी तेच आकडे पुन्हा पुन्हा वाचायला मिळतात. बाक नाहीसा होण्याचे म्हणाल, तर स्नायू आखडलेले असले किंवा फोटो घेताना हनुवटी किंचित खाली असली तरीही मान चित्रात सरळ दिसते.

जपानी संशोधकांनी २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मानेचा कोणताही त्रास नसलेल्या विशीपासून सत्तरीपर्यंतच्या १२११ स्त्री-पुरुषांचे त्यांनी एमआरआय काढले, तेव्हा त्यांपैकी ८७.६ टक्के जणांच्या मानेत निदान एक गादी बाहेर फुगलेली आढळली. विशीतल्या तरुणांमध्येसुद्धा हे प्रमाण सुमारे तीन चतुर्थांश होते. ही सर्व माणसे आपापली कामे करत होती आणि मानेत काही आहे याची त्यांना कल्पनाही नव्हती. साठीनंतर तर एक्स-रेवर झीज न दिसणे हेच विरळा. म्हणूनच चित्रातील झीज आणि मनुष्याला होणारा त्रास यांचा मेळ बसतो की नाही, हे हातापायांची ताकद, संवेदना आणि प्रतिक्षिप्त क्रिया तपासूनच ठरवावे लागते. अलीकडे आधी एमआरआय आणि मग (वेळ उरला तर) तपासणी असा उलटा क्रम रूढ होत चालला आहे आणि त्यामुळे अनेक निरोगी माणसे रिपोर्ट वाचून रुग्ण झाली आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमच्या पत्रात हातात कळ जाणे, बधिरपणा किंवा चालण्यातील बदल यांपैकी कशाचाही उल्लेख नाही आणि हालचालीने तुम्हाला बरे वाटते. ही साधी झीज आहे असे मानायला हरकत नाही. तिच्यामुळे अपंगत्व येणाऱ्यांची संख्या फार थोडी असते. फिरणे चालू ठेवावे, सकाळी कोमट शेक घ्यावा, आणि दरवर्षी नवा एक्स-रे काढू नये, कारण झीज थोडी वाढलेली दिसली तरी उपचार त्यामुळे बदलत नाहीत. नुसत्या कटकट आवाजाला तर उपचारच लागत नाहीत. मात्र मानदुखीसोबत ताप, वजन घटणे, विश्रांती घेऊनही रात्री वाढत जाणारे दुखणे किंवा पूर्वी होऊन गेलेला कर्करोग यांपैकी काहीही असेल, तर वयाचा दोष म्हणून थांबू नये. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजूनही आढळतो आणि तो वेळेत ओळखला तर औषधांनी बरा होतो.

प्रश्न: वय ६३. पाच आठवड्यांपूर्वी मानेपासून उजव्या खांद्यामागे आणि तिथून दंडाच्या मागच्या बाजूने मधल्या बोटापर्यंत विजेसारखी कळ जाऊ लागली. रात्री झोप लागत नाही. हात डोक्यावर ठेवला की थोडे बरे वाटते. एमआरआयमध्ये सहाव्या-सातव्या मणक्यांमध्ये नस दबलेली दिसते. एका डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली, दुसऱ्यांनी थांबायला सांगितले. कोणाचे ऐकावे? (एक वाचिका, डोंबिवली)

उत्तर: तुम्ही केलेले वर्णन इतके नेमके आहे की निदान जवळजवळ पत्रातच झाले आहे. सहाव्या आणि सातव्या मणक्यांमधून बाहेर पडणारी नस दंडाच्या मागच्या स्नायूला आणि मधल्या बोटाला जाते. वाढलेल्या हाडाने किंवा सरकलेल्या गादीने मानेत सर्वाधिक वेळा दबते ती हीच नस. तिच्या वरची नस दबली तर अंगठा आणि तर्जनीकडे मुंग्या येतात, खालची दबली तर करंगळीकडे. हात डोक्यावर ठेवल्याने नसेवरचा ताण सैल होतो, म्हणून बरे वाटते, आणि डॉक्टरही या खुणेचा निदानासाठी उपयोग करतात.

या दुखण्याची एक बाजू दिलासा देणारी आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर येथे १९७६ ते १९९० या काळात मानेची नस दबलेल्या रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला. त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्णांवर शस्त्रक्रिया करावी लागली, काहींचे दुखणे मध्ये पुन्हा उलटले, तरी शेवटच्या तपासणीपर्यंत ९० टक्के रुग्णांना एकतर काहीच त्रास उरला नव्हता किंवा तो सौम्य होता. सरकलेल्या गादीचा तुकडा बऱ्याचदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते आणि नसेभोवतीची सूज ओसरते. पाच आठवडे तुम्हाला युगासारखे वाटत असतील, पण या दुखण्याच्या हिशेबात तो काळ लहान आहे. हाताची ताकद शाबूत असेल, तर सहा ते बारा आठवडे औषधे, फिजिओथेरपी आणि थोडा धीर यांवर काढणे योग्य ठरते.

थांबायचे नाही अशा परिस्थितीही आहेत. हात सरळ करून वस्तू ढकलताना बळ लागत नसेल, भांडे हातातून पडत असेल, स्नायू बारीक होत असेल, किंवा एवढे उपचार करूनही दुखणे असह्य राहिले असेल, तर शस्त्रक्रियेचा सल्ला देणारे डॉक्टर बरोबर आहेत. ती बहुधा गळ्याच्या पुढच्या बाजूने करतात. गादी काढून त्या जागी हाडाचा तुकडा किंवा आधारासाठी छोटा कृत्रिम पिंजरा (केज) बसवतात किंवा कृत्रिम गादी घालतात. हाताची कळ जाण्यासाठी तिचा उपयोग चांगला होतो. नुसत्या मानदुखीसाठी मात्र ती सहसा करू नये.

आणखी दोन शक्यता प्रत्येक वेळी तपासून घ्याव्यात. रात्री अंगठ्यासह पहिल्या तीन बोटांना मुंग्या येऊन हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर नस मानेत नव्हे तर मनगटात दबलेली असण्याचा संभव अधिक असतो. मधुमेह आणि थायरॉईडच्या रुग्णांत हे वरचेवर घडते. डावा हात दुखत असेल आणि ते दुखणे मान हलवल्याने नव्हे, तर चालल्याने किंवा जिना चढल्याने वाढत असेल, छातीत दडपण किंवा घाम येत असेल, तर मानेचा विचार बाजूला ठेवून तातडीने ईसीजी काढून घ्यावा.

प्रश्न: माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. त्यांची मान दुखत नाही. पण गेल्या सहा-आठ महिन्यांपासून त्यांना सदऱ्याची बटणे लावता येत नाहीत, सही बदलली म्हणून बँकेत चेक परत आला, आणि चालताना ते पाय फाकवून, भिंतीचा आधार घेत चालतात. लघवीला घाईने जावे लागते. त्यांना मधुमेह आहे. सगळे म्हणतात, वय झाले. खरेच वय झाले का? (एक वाचक, लातूर)

उत्तर: या पानावरील सर्व पत्रांत मला सर्वाधिक काळजी वाटली ती या पत्राची, आणि त्यात मानदुखीचा एक शब्दही नाही. झिजेमुळे गादी, वाढलेले हाड आणि मागचे जाड झालेले बंध मिळून मणक्यांच्या मधल्या नळीला अरुंद करतात, तेव्हा एखादी नस नव्हे तर खुद्द मज्जारज्जू दबू लागतो. निरोगी मानेत या नळीची पुढून मागची रुंदी साधारण १७ मिलिमीटर असते. ती १३ मिलिमीटरच्या खाली गेली की मज्जारज्जूला जागा अपुरी पडू लागते. ज्यांची नळी जन्मतःच अरुंद असते त्यांच्यात थोडी झीजही पुरते. हातांची सफाई जाणे, अक्षर बिघडणे, ताठर आणि डगमगती चाल, लघवीची घाई, मान पुढे वाकवल्यावर पाठीतून पायांपर्यंत विजेचा झटका गेल्यासारखे वाटणे, ही त्याची लक्षणे. दुखणे नसल्यामुळे घरच्यांना वाटते वय झाले, आणि मधुमेह असल्यामुळे डॉक्टरांनाही वाटू शकते की पायाच्या नसा गेल्या.

या दोहोंतला फरक तपासणीत कळतो. मधुमेहाने नसा खराब झाल्या असतील तर पायांच्या बोटांपासून बधिरपणा चढत जातो आणि गुडघ्या-घोट्यांवर हातोडी मारल्यावर येणारी प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते. मज्जारज्जू दबला असेल तर ती उलट जोरदार होते. पायातली चप्पल नकळत निसटणे दोन्हींत घडू शकते, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. घरी करता येण्याजोगी एक साधी पारख अशी, की वडिलांना दहा सेकंद जमेल तेवढ्या वेगाने मूठ वळायला आणि पूर्ण उघडायला सांगावे. निरोगी माणूस सुमारे वीस वेळा ते करतो आणि संख्या त्याहून बरीच कमी भरली तर संशय बळावतो. ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ कमी असल्यानेही हुबेहूब असेच चित्र दिसू शकते. शाकाहारी व्यक्तींत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ही कमतरता पुष्कळदा आढळते, म्हणून रक्ततपासणीत तीही मोजून घ्यावी. पण त्यासाठी मानेचा एमआरआय लांबवू नये.

वडिलांना येत्या काही दिवसांतच न्यूरॉलॉजिस्टकडे किंवा मणक्याच्या सर्जनकडे न्या. जिल्हा रुग्णालयातून किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातूनही ही वाट सुरू करता येते. मज्जारज्जू खरोखर दबलेला असेल आणि लक्षणे वाढत असतील, तर शस्त्रक्रियेला पर्याय नसतो, हे आधीच मनाशी स्वीकारलेले बरे. नळी मोकळी केल्यावर बिघाड पुढे सरकणे थांबते. गेलेली सफाई काही प्रमाणात परत येते, पण किती येईल हे दाब किती काळ होता यावर अवलंबून असते. हात-पाय पूर्ण निकामी होण्याची वाट पाहत थांबलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतरही फारसे मिळत नाही, आणि मग दोष शस्त्रक्रियेला दिला जातो.

तोपर्यंत पडण्यापासून त्यांना जपा. नळी आधीच अरुंद असलेल्या वृद्धाचे तोंडावर पडून डोके झटक्याने मागे गेले, तर हाड न मोडताही मज्जारज्जूला इजा होते आणि दोन्ही हात पायांपेक्षा जास्त लुळे पडतात. न्हाणीघरात हाताला धरायला दांडी बसवा, रात्री दिवा चालू ठेवा, दुचाकीवर मागे बसवून खड्ड्यांच्या रस्त्याने नेऊ नका. मालीशवाल्याकडून किंवा केशकर्तनालयात मान मोडून घेणे तर कायमचे बंद. झटक्याने मान वळवल्याने मानेतल्या रक्तवाहिनीचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. म्हणून ही सूचना माझ्या मते सर्वच वयाच्या माणसांनी पाळावी.

प्रश्न: कुशीवर वळताना आणि वरच्या फळीवरचा डबा काढताना घर फिरल्यासारखे वाटते, अर्ध्या मिनिटात थांबते. मानेच्या स्पॉन्डिलायटिसमुळे चक्कर येते असे सांगून दोन वर्षांपूर्वी पट्टा दिला, तो अजून लावते. वय ६०. (एक वाचिका, कोल्हापूर)

उत्तर: पट्टा हळूहळू सोडून द्या. मानेच्या झिजेवर आपल्याकडे चकरेचे खापर जितक्या सहज फुटते तितके क्वचितच दुसऱ्या कशावर फुटत असेल. या वयात एक्स-रे काढला की झीज दिसणारच, मग तिलाच कारण ठरवणे सोपे जाते. कुशीवर वळताना किंवा डोके वर करताना काही सेकंद भोवळ येऊन थांबणे हे बहुतेक वेळा आतील कानातल्या सूक्ष्म कणांनी जागा सोडल्याचे लक्षण असते. कान-नाक-घसा तज्ज्ञ तुम्हाला ठरावीक पद्धतीने झटकन आडवे करून डोळ्यांची हालचाल पाहतात आणि निदान झाले तर एप्ली नावाच्या पद्धतीने डोके क्रमाक्रमाने फिरवून ते कण मूळ जागी नेतात. त्याला काही मिनिटे लागतात आणि अनेकांना एकदोनदा केल्यावर आराम पडतो. उभे राहताना चक्कर येत असेल, तर रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे दाब उतरतो का, हे झोपून आणि उभे राहून मोजून पाहावे.

दोन वर्षांच्या पट्ट्याने मानेचे स्नायू दुबळे होतात. तीव्र दुखण्यात तो काही दिवस लावणे एवढाच त्याचा उपयोग आहे. आता तो रोज थोडा वेळ कमी करत सोडावा आणि सोबत पुढच्या उत्तरातील व्यायाम सुरू करावेत.

प्रश्न: उशी घ्यावी की नाही? आणि योगासने चालतील का? (एक वाचिका, पुणे)

उत्तर: उशी घ्यावी. पाठीवर झोपल्यावर कपाळ आणि हनुवटी एका पातळीत राहतील आणि कुशीवर झोपल्यावर डोके खांद्याच्या उंचीमुळे खाली लोंबकळणार नाही, एवढ्या जाडीची उशी पुरे. महागड्या खास उश्यांनी त्याहून वेगळे काही होते असे मला दिसलेले नाही. पोटावर झोपणे टाळावे, कारण त्यात मान तासन्‌तास एकीकडे पिळलेली राहते.

व्यायामात तीन गोष्टी पुरेशा आहेत: मान न वाकवता हनुवटी सरळ मागे घेणे, तळहात कपाळावर, डोक्यामागे आणि दोन्ही बाजूंना आळीपाळीने टेकवून डोक्याने तो रेटणे पण मान हलू न देणे, आणि दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकांकडे ओढणे. प्रत्येक वेळी पाच ते दहा सेकंद, श्वास न रोखता. मान गोल गोल फिरवण्याची आपल्या शाळेतली सवय सोडावी. भुजंगासन सौम्यपणे करता येते, परंतु शीर्षासन, सर्वांगासन आणि हलासन यांत शरीराचा भार मानेवर येतो. साठीनंतर, आणि झीज माहीत असल्यास त्याआधीही, ती करू नयेत, मग गुरुजी कितीही अनुभवी असोत. दूरचा आणि जवळचा असे दोन नंबर असलेला (बायफोकल) चष्मा लावून संगणकावर काम करत असाल, तर खालच्या भिंगातून वाचण्यासाठी हनुवटी सारखी वर जाते आणि मान दुखते; पडदा खाली घेणे किंवा संगणकासाठी वेगळा चष्मा करणे हाच त्यावर उपाय आहे.

प्रश्न: मी कांद्याच्या बाजारात हमाली करतो. पन्नास किलोची गोणी डोक्यावर आणि मानेवर घेतो. वय ४९. मुलगा म्हणतो मोबाइलने मान जाते. माझी कशाने गेली? (एक वाचक, नाशिक जिल्हा)

उत्तर: मोबाइलने मान दुखते हे खरे, पण त्याने मणके झिजतात असे ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही. डोक्यावर ओझे वाहणाऱ्यांचे मात्र तसे नाही: आफ्रिकेत वर्षानुवर्षे डोक्यावरून भार नेणाऱ्यांची तपासणी झाली तेव्हा त्यांच्या मानेची झीज इतरांपेक्षा लवकर आणि जास्त आढळली. हाताला मुंग्या किंवा चालीत बदल नसेल, तर काम लगेच सोडण्याची गरज नाही; जिथे हातगाडी किंवा ट्रॉली नेता येते तिथे डोक्यावर गोणी घेऊ नये, आणि ओझे डोक्यावर असताना मान वळवू नये, सबंध अंग वळवावे. महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी १९६९ चा कायदा आहे. तुमची नोंद माथाडी मंडळाकडे असेल, तर आरोग्यविषयक लाभांची तिथे चौकशी करावी.

प्रश्न: वय ७४, उच्च रक्तदाब आहे, हृदयात स्टेंट असल्याने रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. मानेसाठी औषधाच्या दुकानातून घेतलेली गोळी रोज खातो. चालेल का? (एक वाचक, पणजी)

उत्तर: चालणार नाही. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा वेदनाशामकांनी रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडाला इजा होते, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीसोबत पोटात रक्तस्राव होण्याचा धोका बराच वाढतो. दुकानातून मिळणाऱ्या अनेक गोळ्यांत वेदनाशामक, पॅरासिटामॉल आणि स्नायू सैल करणारे क्लोरझोक्साझोन अशी तीन औषधे एकत्र असतात. तिसऱ्याने गुंगी येऊन तुमच्या वयात पडण्याची भीती असते, आणि वर तापासाठी वेगळे पॅरासिटामॉल घेतले तर त्याची मात्रा नकळत दुप्पट होते. नसेच्या दुखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या प्रीगाबालिन व गॅबापेंटिननेही झोप येते आणि तोल जातो. मूत्रपिंड मंद असेल तर त्यांची मात्रा कमी करावी लागते. शेक, व्यायाम, दुखऱ्या जागी लावायचे मलम आणि गरजेपुरते नुसते पॅरासिटामॉल यांपासून सुरुवात करावी. शौचाला काळी, डांबरासारखी होत असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. स्टेंटची गोळी मात्र हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नये. पुढच्या भेटीला घरातील औषधांची सर्व पाकिटे पिशवीत घालून सोबत न्यावीत, दुकानातून घेतलेलीसुद्धा, आणि मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी करून घ्यावी.